चेंडूचा वेग आणि खेळाडूचा खांदा

जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभा राहून पाखरे हाकणारा राखणदार गोफण फिरवितो, तेव्हा त्याच्या हाताची हालचाल फारशी मोठी नसते. मनगट थोडेसे फिरते, खांदा किंचित डोलतो आणि गोफणीतील गुंडा शेताच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडतो. तोच गुंडा त्याच माणसाने नुसत्या हाताने फेकला तर निम्म्या वाटेवरही पोहोचत नाही. माणसाच्या अंगातील शक्ती दोन्ही वेळी सारखीच असते. फरक पडतो तो ती शक्ती गुंड्यापर्यंत कोणत्या वाटेने जाते यामुळे.

मैदानावर चेंडू फेकणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीतही हेच खरे आहे. चेंडू हातातून सुटतो, म्हणून त्याचा वेगही हातातच निर्माण होतो, असा समज सहज होतो. या समजापायी वेग वाढविण्यासाठी मुले हाताला अधिकाधिक जोर लावतात. वेग थोडासा वाढतो, नेम बिघडतो आणि काही महिन्यांनी खांदा दुखू लागतो. प्रस्तुत पुस्तिकेत सॉफ्टबॉल या खेळातील चेंडूफेकीचा, म्हणजे पिचिंगचा, शास्त्रीय दृष्टीने विचार करावयाचा आहे. चेंडूचा वेग पायांपासून सुरू होतो, हात हा त्या साखळीचा केवळ शेवटचा दुवा आहे, आणि हे ज्याला उमगले त्याचा वेगही वाढतो व खांदाही वाचतो, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

बंगळूरचे तीन गोलंदाज

सॉफ्टबॉलकडे वळण्यापूर्वी आपल्या वाचकांना अधिक परिचित अशा क्रिकेटमधील काही उदाहरणे पाहू. बंगळूर, म्हणजे आजचे बेंगळुरू, हे शहर गोलंदाजांसाठी प्रसिद्ध आहे. भारताची राष्ट्रीय क्रिकेट अकादमी २००० साली याच शहरात सुरू झाली आणि दुखापत झालेले गोलंदाज पुन्हा खेळण्यायोग्य होण्यासाठी येथेच येऊ लागले. २०२३ साली पाठीवर शस्त्रक्रिया झाल्यानंतर जसप्रीत बुमरा यांनी पुनरागमनाची तयारी केली ती येथेच. या शहराशी आणि शेजारच्या म्हैसूरशी निगडित असलेल्या तीन गोलंदाजांचे अनुभव आपल्या विषयाला विशेष उपकारक आहेत.

पहिले भागवत चंद्रशेखर. त्यांचा जन्म १९४५ साली म्हैसूर येथे झाला. लहानपणी पोलिओ होऊन त्यांचा उजवा हात बारीक व दुबळा झाला. त्याच हाताने त्यांनी ५८ कसोटी सामन्यांत २४२ बळी मिळविले. १९७१ साली ओव्हल मैदानावर त्यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंडचा डाव १०१ धावांत संपला आणि भारताने इंग्लंडमधील पहिला कसोटी विजय मिळविला. चंद्रशेखर फिरकी गोलंदाज असले तरी त्यांच्या चेंडूला मध्यमगती गोलंदाजाइतका वेग असे. वेग जर केवळ दंडाच्या स्नायूंतून येत असता, तर अशा हाताने हे घडणे शक्यच नव्हते. त्यांची धाव, कमरेचे वळण आणि खांद्याची फिरकी यांतून आलेली गती त्या सडपातळ हातातून आसुडाच्या टोकाप्रमाणे चेंडूपर्यंत जात असे.

दुसरे म्हैसूरचे जवागल श्रीनाथ आणि तिसरे बंगळूरचे अनिल कुंबळे. श्रीनाथ हे आपल्या काळातील भारताचे सर्वांत वेगवान गोलंदाज होते आणि त्यांनी कसोटीत २३६ बळी मिळविले. कुंबळे यांच्या नावावर ६१९ कसोटी बळी आहेत. विशेष म्हणजे दोघांनीही अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते. तरीही दोघांनाही खांद्याच्या शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. श्रीनाथ यांचे १९९७ मधील बरेचसे क्रिकेट खांद्याच्या दुखापतीमुळे हुकले, तर कुंबळे यांना २००१ ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची प्रसिद्ध मालिका खेळता आली नाही.

या तीन उदाहरणांतून दोन गोष्टी दिसतात. हात दुबळा असला तरी शरीराची साखळी चांगली असेल तर वेग मिळतो. आणि हात कितीही बलवान असला तरी खांद्यावर वर्षानुवर्षे पडणारा भार त्याला झिजवितो. प्रौढ, कसलेल्या खेळाडूंची ही स्थिती, तर वाढत्या वयातील मुलांच्या बाबतीत किती सावध राहावयास हवे, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने करावा.

सॉफ्टबॉलची फेक

सॉफ्टबॉल हा खेळ १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात बेसबॉलवरून निर्माण झाला. भारतात तो आता शालेय स्पर्धांतूनही खेळला जातो आणि महाराष्ट्रातील अनेक शाळांतील मुलींना तो परिचित आहे. नावात ‘सॉफ्ट’ म्हणजे मऊ हा शब्द असला तरी चेंडू मऊ नसतो. त्याचा घेर सुमारे ३० सेंटिमीटर आणि वजन १७८ ते १९८ ग्रॅम असते. क्रिकेटच्या चेंडूचे वजन १५६ ते १६३ ग्रॅम असते. याचा अर्थ असा की, सॉफ्टबॉलचा चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा आकाराने मोठा आणि वजनानेही जड असतो.

चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला पिचर म्हणतात. जमिनीत बसविलेल्या एका पट्टीवर, म्हणजे पिचिंग प्लेटवर, पाय ठेवून तिला चेंडू टाकावा लागतो. स्त्रियांच्या सामन्यात ही पट्टी फलंदाजासमोरील होम प्लेटपासून ४३ फुटांवर, म्हणजे सुमारे १३ मीटरांवर असते. हात खांद्याभोवती पवनचक्कीच्या पात्याप्रमाणे पूर्ण फिरवून चेंडू कमरेच्या खालून सोडावयाचा असतो. या पद्धतीला विंडमिल असेच म्हणतात.

चेंडू सोडतेवेळी पिचर पुढे पाऊल टाकीत असल्यामुळे प्रत्यक्ष अंतर सुमारे साडेअकरा मीटर उरते. चेंडूचा वेग ताशी १०० किलोमीटर असेल तर एवढे अंतर काटण्यास त्याला सुमारे ०.४१ सेकंद लागतो. क्रिकेटमध्ये ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेल्या चेंडूला फलंदाजापर्यंत जाण्यास साधारण ०.४५ सेकंद लागतो. तेव्हा आकड्याने कमी वाटणारा सॉफ्टबॉलचा वेग फलंदाजाला मात्र तितकाच, किंबहुना अधिक, अडचणीत टाकतो.

या दोन खेळांत एक मोठा भेद आहे. क्रिकेटच्या जलद गोलंदाजाला धाव घेता येते आणि वेगाचे काही भांडवल तो धावेतूनच आणतो. सॉफ्टबॉलच्या पिचरला धाव नाही. तिच्या हाती एकच पाऊल आहे. म्हणून त्या एका पावलात शरीराला किती गती मिळते, याला फार महत्त्व येते.

वेगाची साखळी

आसूड पाहा. त्याची मूठ जाड, मधला भाग त्याहून बारीक आणि टोक अगदी पातळ असते. हात मुठीला झटका देतो व मूठ थांबते. तिची गती पुढच्या, हलक्या भागात जाते. भाग जितका हलका तितका त्याचा वेग अधिक, असे होत होत टोकाचा वेग इतका वाढतो की फटकाऱ्याचा आवाज होतो. येथे प्रत्येक भाग योग्य वेळी थांबणे हे प्रत्येक भाग हलण्याइतकेच आवश्यक असते.

मानवी शरीरातही असाच क्रम आहे. पाय आणि कंबर हे जड व बलवान भाग प्रथम हलतात. त्यांच्यानंतर धड, मग खांदा, मग कोपर, मग मनगट आणि शेवटी बोटे. प्रत्येक दुव्याने आपली गती पुढच्याच्या हवाली करावयाची असते. पायांनी काम केले नाही तर त्यांचा वाटा कोणाला तरी उचलावा लागतो आणि तो बहुधा खांद्यावर येऊन पडतो.

हा वाटा किती मोठा असतो, याचा एक स्थूल हिशेब मांडून पाहू. समजा, एक १४ वर्षांची मुलगी १८० ग्रॅम वजनाचा चेंडू सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, वेगाने सोडते. खांद्यापासून चेंडूपर्यंतचे अंतर ६० सेंटिमीटर धरू. वर्तुळात फिरणारी वस्तू सरळ निघून जाऊ नये म्हणून तिला सतत आत ओढावे लागते. ही ओढ काढण्यासाठी वस्तुमानास वेगाच्या वर्गाने गुणून त्रिज्येने भागतात. येथे उत्तर १२० न्यूटन येते, म्हणजे सुमारे १२ किलोग्रॅम वजन हाताला टांगल्यासारखे होते. चेंडूच्या स्वतःच्या वजनाच्या ही ओढ जवळजवळ ६८ पट आहे.

आता असे समजा की त्या मुलीने पट्टीवरून जोराने पाऊल टाकले आणि तिचे शरीर सेकंदाला २ मीटर वेगाने पुढे जात आहे. मग हाताच्या फिरण्यातून २० ऐवजी १८ मीटरच वेग मिळवावयाचा राहिला. ओढ वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्यामुळे ती १२० न्यूटनवरून सुमारे ९७ न्यूटनवर येते. चेंडूचा वेग तोच राहिला, पण हातावरील ओढ सुमारे १९ टक्क्यांनी घटली. याउलट केवळ हाताच्या जोरावर वेग १० टक्क्यांनी वाढविला तर ओढ २१ टक्क्यांनी वाढते. पायांनी केलेले काम खांद्याच्या कसे उपयोगी पडते, हे या हिशेबावरून स्पष्ट होईल.

या हिशेबात आपण केवळ चेंडूचाच विचार केला. हातालाही स्वतःचे वजन असते आणि ते चेंडूच्या दसपटीहून अधिक असते. त्याची ओढही खांद्यालाच सोसावी लागते. १९९६ साली अॅटलांटा येथे स्त्रियांचा सॉफ्टबॉल प्रथमच ऑलिंपिक स्पर्धेत खेळला गेला. त्या वेळी शेरी वर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिचर खेळाडूंच्या हालचालींचे मापन केले. खांद्याचा सांधा विलग करू पाहणारी ओढ शरीराच्या वजनाच्या सुमारे ८० टक्के असल्याचे त्यांना आढळले. ५० किलोग्रॅम वजनाच्या खेळाडूच्या बाबतीत ही ओढ ४० किलोग्रॅम वजनाइतकी भरते आणि ती प्रत्येक फेकीच्या वेळी येते.

चेंडू खालून सोडला की खांद्याला त्रास होत नाही, असे पूर्वी मानले जाई. ही समजूत आता टिकत नाही. दंडाच्या पुढील बाजूस असलेला बायसेप्स हा स्नायू वरून केलेल्या फेकीपेक्षा विंडमिल फेकीत अधिक जोराने काम करतो, असेही मापनांवरून दिसून आले आहे. या खेळातील अनेक मुलींना खांद्याच्या पुढल्या भागात दुखते, त्याचे एक कारण येथे सापडते.

फेकीचे टप्पे

फेकीचा अभ्यास करण्यासाठी घड्याळाच्या तबकडीची कल्पना उपयोगी पडते. उजव्या हाताने चेंडू टाकणाऱ्या मुलीच्या उजव्या बाजूला उभे राहा. तिचा खांदा हा तबकडीचा मध्य आणि हात हा काटा समजा. हात खाली असताना ६, पुढे असताना ३, डोक्यावर असताना १२ आणि मागे असताना ९ वाजले असे मानावे. फेकीत हा काटा ६ वरून निघून ३, १२ आणि ९ या क्रमाने उलटा फिरतो व पुन्हा ६ जवळ चेंडू सुटतो.

पहिल्या टप्प्यात शरीराचा भार पुढल्या पायावर येतो आणि दोन्ही गुडघे किंचित वाकतात. हात ६ कडून ३ कडे जात असताना पट्टीवरील पाय जमिनीला मागे रेटतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे जमीन शरीराला पुढे ढकलते. वेगाची खरी सुरुवात येथे होते.

दुसऱ्या टप्प्यात हात १२ कडे जातो आणि डावे पाऊल पुढे झेपावते. कंबर व छाती उजवीकडे उघडतात, म्हणजे मुलगी जणू बाजूला तोंड करून उभी आहे अशी दिसते. हात खांद्याच्या वर मोकळेपणाने जाण्यासाठी हे वळण आवश्यक असते.

तिसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. हात १२ आणि ९ यांच्या दरम्यान असताना डावे पाऊल जमिनीवर टेकते. हा पाय आता खांबासारखा घट्ट राहिला पाहिजे. धावत्या बसने एकाएकी ब्रेक लावला की उभ्या प्रवाशांचे पाय थांबतात आणि धड पुढे जाते, हा अनुभव सर्वांना आहे. पिचरच्या बाबतीत डावा पाय हाच ब्रेक असतो. तो कमरेला थांबवितो आणि थांबलेल्या कमरेची गती धडाला व धडाची हाताला मिळते. पाय टेकल्यावर गुडघा दुमडत गेला तर ब्रेक लागतच नाही आणि गती वाया जाते.

चौथ्या टप्प्यात हात ९ वरून ६ कडे येतो. खांद्यावर सर्वाधिक भार पडतो तो याच काळात. कोपर किंचित वाकलेले व सैल असावे. धड ताठ, किंबहुना किंचित मागे रेललेले असावे. हाताचा पुढला भाग मांडीच्या वरच्या बाजूला हलकेच घासून जातो आणि त्याच क्षणी चेंडू सुटतो. हा स्पर्श हाताच्या वरच्या भागाला थोडे थांबवितो आणि आसुडाप्रमाणे पुढचा भाग अधिक वेगाने सुटतो. त्यानंतर तळवा आपोआप आत वळतो. मनगटाला मुद्दाम झटका देण्याचा सराव पूर्वी फार करवून घेत. मंदगती चित्रणावरून आता असे दिसते की हाताचा पुढला भाग आत वळण्याला त्यापेक्षा पुष्कळ अधिक महत्त्व आहे.

पाचवा टप्पा चेंडू सुटल्यानंतरचा. हात लगेच थांबवू नये. त्याला सैलपणे पुढे जाऊ द्यावे, म्हणजे वेग हळूहळू ओसरतो. वेगाने आलेला हात एकाएकी थांबविण्याचे कामही स्नायूंनाच करावे लागते व तेथेही दुखापत होऊ शकते.

नेहमीचे दोष आणि त्यांची दुरुस्ती

पहिला दोष म्हणजे पाऊल आडवे पडणे. पट्टीच्या मध्यापासून होम प्लेटच्या मध्यापर्यंत एक रेषा आहे असे समजावे. डावे पाऊल या रेषेच्या पलीकडे उजवीकडे पडले तर कंबर हाताच्या वाटेत येते आणि हाताला वळसा घालून यावे लागते. दुरुस्ती सोपी आहे. मैदानावर फक्कीने ही रेषा आखावी आणि प्रत्येक फेकीनंतर पावलाचा ठसा कोठे उमटला ते मुलीनेच पाहावे. तिला सांगावे लागत नाही, जमीनच सांगते.

दुसरा दोष म्हणजे कमरेतून पुढे वाकणे. वेग वाढविण्याच्या उत्साहात मुले चेंडूबरोबर स्वतःही पुढे झुकतात. मग डावा पाय ब्रेकचे काम करू शकत नाही आणि सारा भार खांद्यावर येतो. यासाठी चेंडू सुटताच त्याच स्थितीत दोन सेकंद स्थिर उभे राहण्यास सांगावे. जिला तोल सांभाळता येत नाही, तिचे धड वाकलेले आहे असे समजावे.

तिसरा दोष म्हणजे हात वर्तुळाच्या पातळीबाहेर जाणे. वर जाताना हात पाठीमागे झुकतो किंवा खाली येताना कोपर बाहेर फेकले जाते. खांद्याला हे विशेष घातक आहे. उजवा खांदा भिंतीपासून वीतभर अंतरावर येईल असे उभे राहून, चेंडू न घेता, हात संथपणे फिरवावा. हात भिंतीला लागला किंवा भिंतीपासून फार दूर गेला तर दोष लगेच कळतो.

चौथा दोष म्हणजे चेंडू घट्ट पकडणे. मूठ आवळली की हाताचा पुढला भाग ताठ होतो, ताठरपणा खांद्यापर्यंत जातो आणि आसुडाची काठी होते. चेंडू बोटांत धरावा, तळव्यात रुतवू नये. लहान हातांना मोठा चेंडू आवळूनच धरावा लागतो. म्हणून अमेरिकेत १० वर्षांखालील मुलींसाठी ११ इंच घेराचा लहान चेंडू वापरतात आणि अंतरही ४३ ऐवजी ३५ फूट ठेवतात. १२ वर्षांखालील मुलींसाठी ते ४० फूट असते. साधने मुलांच्या मापाची असावीत, हे तत्त्व आपल्या शाळांनीही स्वीकारण्याजोगे आहे.

दोष शोधण्यासाठी डोळ्यांवर विसंबून चालत नाही. हात ९ वरून ६ पर्यंत येण्यास साधारण ०.०६ सेकंद लागतो. सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या साध्या चित्रणात या काळातील जेमतेम दोन चित्रे मिळतात. आज पुष्कळशा मोबाइल दूरध्वनींवर सेकंदाला २४० चित्रे घेण्याची सोय असते. त्यात याच काळाची १४-१५ चित्रे मिळतात आणि पाऊल केव्हा टेकले, गुडघा दुमडला काय, कोपर कोठे होते, हे एक एक चित्र थांबवून पाहता येते. पूर्वी जे काम मोठ्या प्रयोगशाळेतच होऊ शकत असे, त्याचा काही भाग आता शाळेच्या मैदानावर करता येतो. मात्र एका वेळी एकच दोष दाखवावा. पाच दोष एकदम सांगितले तर मुलगी गोंधळते आणि तिची हालचाल अधिकच ताठर होते.

वाढते हाड

मुलाचे शरीर म्हणजे प्रौढाच्या शरीराची लहान प्रतिकृती नव्हे. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेच्या मऊ पट्ट्या असतात. हाडांची लांबी तेथे वाढते. वाढ पूर्ण झाली की या पट्ट्यांचे हाडात रूपांतर होते. तोपर्यंत त्या हाडापेक्षा दुर्बल असतात. प्रौढाच्या खांद्यात ज्या ओढीने स्नायू दुखावेल, त्याच ओढीने मुलाच्या दंडाच्या हाडातील ही पट्टी दुखावू शकते. बेसबॉल खेळणाऱ्या मुलांत ही तक्रार इतकी परिचित आहे की तिला त्या मुलांच्या स्पर्धेवरून ‘लिटल लीग शोल्डर’ असे नाव पडले आहे. तिच्यावर मुख्य उपाय म्हणजे चेंडू फेकणे बंद ठेवून विश्रांती घेणे.

म्हणून खांद्याचे किंवा कोपराचे दुखणे ही सहनशक्तीची कसोटी मानू नये. फेकीनंतर थोडा थकवा जाणवणे स्वाभाविक आहे. परंतु फेकताना दुखणे, दुसऱ्या दिवशीही दुखणे किंवा हात वर नेण्यास त्रास होणे, ही लक्षणे दिसताच फेक थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा. मुली संघातील जागा जाईल या भीतीने दुखणे लपवितात. त्यांना निःशंकपणे बोलता येईल असे वातावरण ठेवणे हे शिक्षकाचे काम आहे.

फेकींची मोजणी

दुखापतीचे एक कारण सदोष हालचाल, तर दुसरे कारण अति हालचाल हे आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनो यांनी दोन दिवसांत तीन सामने खेळून ४१३ फेकी टाकल्या आणि अमेरिकेचा पराभव करून आपल्या देशाला सुवर्णपदक मिळवून दिले. पुढे २०२१ साली टोकियो येथे वयाच्या ३९ व्या वर्षी त्यांनी पुन्हा सुवर्णपदक मिळविले. हा पराक्रम थोर आहे. पण तो पूर्ण वाढ झालेल्या, वर्षानुवर्षे तयारी केलेल्या असामान्य खेळाडूचा आहे. शाळेतील मुलीने त्याचे अनुकरण करावयाचे नसते.

अमेरिकेतील बेसबॉल संघटनेने वैद्यकीय तज्ज्ञांच्या साहाय्याने २०१४ साली मुलांसाठी फेकींची मर्यादा प्रसिद्ध केली. तीत ९-१० वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला ७५, ११-१२ वर्षांसाठी ८५ आणि १३-१४ वर्षांसाठी ९५ फेकी ही कमाल मर्यादा सांगितली आहे. १४ वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दिवसात ६६ किंवा त्याहून अधिक फेकी टाकल्यास त्याला ४ दिवस विश्रांती द्यावी, असेही त्यात म्हटले आहे. हे आकडे वरून फेकल्या जाणाऱ्या चेंडूसाठी आहेत, तथापि खांद्यावरील ओढ दोन्हीकडे मोठीच असल्यामुळे सॉफ्टबॉलच्या शिक्षकालाही ते विचारात घेण्यासारखे आहेत.

आपल्याकडील शालेय स्पर्धांत अडचण अशी येते की संघात चांगली पिचर बहुधा एकच असते. दोन-तीन दिवसांत सारे सामने उरकावयाचे असतात आणि प्रत्येक सामन्यात तिलाच उभे केले जाते. सरावाच्या आणि सामन्यापूर्वी अंग सैल करण्याच्या फेकी तर कोणी मोजीतही नाही. यावर दोन उपाय आहेत. प्रत्येक संघात निदान तीन मुलींना पिचिंग शिकवावे आणि एका वहीत प्रत्येक मुलीच्या सर्व फेकी रोज नोंदवाव्यात. ही वही ठेवण्याचे काम विद्यार्थिनीच आनंदाने करतील आणि गणिताचा थोडा अभ्यासही त्यातून होईल.

शिकविण्याचा क्रम

वरील विवेचनावरून शिकविण्याचा क्रम ठरविता येतो. आरंभी अंग गरम करण्यासाठी दहा मिनिटे धावणे व सांधे मोकळे करणे. त्यानंतर पाय आणि कंबर यांचे व्यायाम : उठाबशा, एका पायावर तोल सांभाळणे, पट्टीवरून रेटून पाऊल टाकणे. चेंडू अद्याप हाती द्यावयाचा नाही. पाऊल सरळ पडू लागले की हात संथपणे फिरविण्याचा सराव. मग पाच-सहा मीटर अंतरावरून, निम्म्या जोराने, चेंडू टाकणे. या अंतरावर नेम व लय साधली की अंतर हळूहळू वाढवावे. वेगाचा विचार सर्वांत शेवटी करावा. चेंडूला निरनिराळ्या दिशांनी फिरकी देऊन तो वळविण्याचे प्रकार मूळ फेक पक्की झाल्यावरच शिकवावेत.

या क्रमात घाई करण्याचा मोह होतो, कारण पायांच्या सरावाचे फळ लगेच दिसत नाही. जोराने हात फिरविणारी मुलगी पहिल्या महिन्यात पुढे असते. परंतु एका हंगामानंतर स्थिती बदलू लागते. जिचे पाऊल, कंबर आणि धड आपापल्या वेळी काम करतात, तिचा वेग अंगातील शक्तीबरोबर वाढत जातो. जिने सारा भार हातावर टाकला, तिचा वेग तेथेच थांबतो.

शाळेतील बहुतेक मुली पुढे राष्ट्रीय संघात खेळणार नाहीत. पण त्यांचा खांदा त्यांना जन्मभर पुरवावयाचा आहे. पाणी शेंदण्यासाठी, मूल उचलण्यासाठी, फळ्यावर लिहिण्यासाठी, यंत्र चालविण्यासाठी तो लागणार आहे. खेळाचा हेतू शरीर बलवान करणे हा आहे, ते झिजविणे हा नव्हे. चेंडू कसा फेकावा हे ज्या शिक्षकाला शास्त्रीय दृष्टीने समजले आहे, तो सामना जिंकण्याची तयारी करून घेता घेता हा हेतूही सांभाळू शकतो. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. फक्कीची एक रेषा, एक भिंत, एक वही आणि लक्षपूर्वक पाहणारे दोन डोळे एवढ्यावर कामाला आरंभ करता येतो.